युद्धकाळातील आडव्या खिसापुस्तकांच्या धर्तीवर टिपणवही करायची आहे: आकार, बांधणी आणि कागद यांविषयी सल्ला हवा

रानवाटा यांचा प्रश्न

नमस्कार. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दर पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीत चार-पाच वेळा जाते. झाडाजवळ उभे राहून, एका हातात फांदी आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरून नोंद करायची असते, म्हणून वही खिशात मावणारी, हलकी आणि तळहातावर टेकणारी असावी लागते. बाजारातील छोट्या वह्यांपैकी काहींचे कणे जाड असल्यामुळे त्या पूर्ण उघडत नाहीत, तर काहींचा कागद दमट हवेत इतका मऊ पडतो की पेन्सिलीचे टोक त्यात रुतते. शेवटी यंदा आपणच दोनशे वह्या छापून घ्याव्यात असे ठरवले आहे.

आकाराची कल्पना मात्र एका जुन्या पुस्तकावरून सुचली. गेल्या वर्षी मुंबईत फोर्टच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक अमेरिकी पुस्तक मिळाले. ते उंचीला चार इंचांहून किंचित कमी आणि रुंदीला साडेपाच इंच आहे. बांधणी आखूड बाजूला आहे, प्रत्येक पानावर मजकूर दोन स्तंभांत लावला आहे, आणि मुखपृष्ठावर मूळ, मोठ्या पुस्तकाच्या वेष्टणाचे छोटेसे चित्र छापले आहे. त्याखाली इंग्रजीत एक ठळक ओळ आहे, जिचा अर्थ ‘हे संपूर्ण पुस्तक आहे, संक्षेप नव्हे’ असा होतो. पिना गंजून त्यांच्याभोवती तपकिरी डाग पडले आहेत आणि कागद पिवळा झाला आहे, तरी इतक्या वर्षांनंतर एकही पान सुटलेले नाही. हे पुस्तक मी नुसते हातात धरून पाहिले आणि वहीचा हाच आकार असावा असे मनाने घेतले.

माझी शंका अशी की हा आकार केवळ दिसायला वेगळा म्हणून निवडला होता की त्यामागे काही कारण होते, हे समजल्याशिवाय त्याची नक्कल करणे मला योग्य वाटत नाही. कारण असेल तर ते वहीलाही लागू पडते का? आणि पुण्यातील एखाद्या साध्या छापखान्यात दोनशे प्रतींसाठी हे काम होऊ शकेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी_पाने यांचा प्रतिसाद

आपल्याला मिळालेले पुस्तक ‘आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स’ या मालिकेतील आहे. आपण प्रश्न नेमका विचारला आहे, कारण या पुस्तकांच्या रूपातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी अडचणीतून निघालेली आहे.

अमेरिका युद्धात उतरल्यानंतर सैनिकांसाठी लोकांकडून पुस्तके गोळा करण्याची मोहीम तेथे चालवण्यात आली. पुस्तके पुष्कळ आली, परंतु त्यांतील बरीचशी जाड पुठ्ठ्याची, जड आणि पाठीवरच्या सामानात न मावणारी होती. १९४२ मध्ये अमेरिकी प्रकाशक, ग्रंथपाल आणि पुस्तकविक्रेते यांनी ‘कौन्सिल ऑन बुक्स इन वॉरटाइम’ ही संस्था स्थापन केली होती. लष्कराच्या ग्रंथालय विभागाचे प्रमुख रे ट्रॉटमन आणि मुद्रणाकृतीचे जाणकार एच. स्टॅन्ली थॉम्पसन यांनी मांडलेली स्वस्त पुस्तकांची कल्पना या संस्थेने उचलली आणि १९४३ ते १९४७ या काळात सुमारे १,३२२ पुस्तके छापून सैनिकांना विनामूल्य वाटली. एकूण प्रतींची संख्या १२ कोटी २० लाखांहून अधिक भरते. एका प्रतीचा खर्च सरासरी सहा सेंटच्या आसपास होता आणि लेखक व मूळ प्रकाशक यांना मिळून प्रतीमागे एक सेंट मानधन मिळत असे.

आता आकाराकडे वळतो. त्या काळी पुस्तके छापणाऱ्या यंत्रांवर पातळ कागदाच्या इतक्या प्रती काढणे परवडणारे नव्हते. मासिके छापणारी मोठी रोटरी यंत्रे मात्र उपलब्ध होती आणि त्यांना पातळ, स्वस्त कागदाची सवय होती. अडचण एवढीच की मासिकाचा आकार गणवेशाच्या खिशात मावत नाही. त्यावर काढलेला उपाय मला आजही फार सुंदर वाटतो. मासिकाच्या प्रत्येक पानावर एकाखाली एक अशी दोन पुस्तके छापायची, संपूर्ण मासिक एकत्र बांधायचे आणि शेवटी त्याला मधोमध आडवे कापायचे. एका कापात दोन पुस्तके सुटी होतात. ‘रीडर्स डायजेस्ट’च्या आकाराचे मासिक साधारण साडेपाच इंच रुंद आणि पावणेआठ इंच उंच असते. ते आडवे कापले की साडेपाच इंच रुंद आणि पावणेचार इंचांहून थोडे अधिक उंच असे पुस्तक मिळते, म्हणजे आपल्याकडे आहे तेच. मोठ्या कादंबऱ्यांसाठी स्वस्त कथामासिकांची यंत्रे वापरली गेली आणि त्यांतून साडेसहा इंच रुंद व साडेचार इंच उंच असा दुसरा आकार निघाला. मासिकाचा कणा उभ्या, लांब बाजूला असतो आणि कापल्यावर त्याचा अर्धाच भाग प्रत्येक पुस्तकाच्या वाट्याला येतो, म्हणून बांधणी आखूड बाजूला दिसते.

या रीतीचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. वरचे पुस्तक आणि खालचे पुस्तक एकाच मासिकात बांधलेले असल्याने दोघांची पानसंख्या सारखी असावी लागे. म्हणून प्रकाशकांना साधारण सारख्या लांबीच्या पुस्तकांच्या जोड्या लावाव्या लागत, आणि विषयाने एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन पुस्तके कापण्याच्या क्षणापर्यंत जुळ्या भावंडांसारखी एकत्र राहत.

दोन स्तंभांचे कारणही रूंदीतच आहे. साडेपाच इंचांच्या पानावर बारीक टाइपातील एकच लांब ओळ वाचताना डोळा पुढच्या ओळीचा आरंभ चुकतो, आणि वाचणारा माणूस तंबूत, जहाजाच्या तळमजल्यावर किंवा रुग्णालयाच्या खाटेवर अपुऱ्या उजेडात वाचत असे. स्तंभ अरुंद केल्याने ओळ आखूड झाली आणि पानावर शब्दही अधिक मावले. पिना मारण्यामागे दमट प्रदेशांचा विचार होता, कारण पॅसिफिकमधील बेटांवर आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात सरस टिकत नाही आणि कीटक तो खातात. चीन, ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान या आघाडीवर अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने होते, त्यामुळे ही पुस्तके आपल्याकडील जुन्या बाजारात अधूनमधून सापडावीत यात नवल नाही. मला स्वतःला एक प्रत कोलकात्यात मिळाली होती.

मुखपृष्ठावरील छोट्या चित्राविषयी माझे एक मत नोंदवतो. नवे चित्र काढून घेण्याऐवजी मूळ वेष्टणाचेच छायाचित्र छापणे स्वस्त आणि जलद होते हे खरे, पण सैनिकाच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ होत असणार. घरी, दुकानाच्या काचेआड दिसणारे तेच पुस्तक आपल्या हातात आले आहे, कोणीतरी आपल्यासाठी बाजूला काढलेले हलक्या दर्जाचे पुस्तक नव्हे, ही खात्री ते चित्र देत होते. ‘संक्षेप नव्हे’ ही ओळ तेच शब्दांत सांगते. काही थोडी पुस्तके मात्र संक्षिप्त करावी लागली होती आणि तसे त्यांच्या मुखपृष्ठावर प्रांजळपणे छापलेले आहे.

वहीला यातील काय लागू पडते हे तांत्रिक जाणकारांनी सांगावे. माझ्या मते आपण त्या पुस्तकाची मापे घेण्यापेक्षा ‘मोठे बांधा आणि आडवे कापा’ ही रीत घ्यावी.

फर्मा यांचा प्रतिसाद

जुनी_पाने यांच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी तीस वर्षे बाइंडिंगचे काम करत आहे आणि ही रीत आपल्याकडील कोणत्याही छोट्या छापखान्यात होऊ शकते. त्यासाठी रोटरी यंत्राची गरज नाही.

आपल्याकडे डबल डेमी कागद २३ × ३६ इंचांचा येतो. मराठी कादंबऱ्यांचा जो नेहमीचा डेमी आकार आहे, म्हणजे साडेपाच × साडेआठ इंच, तो याच कागदातून निघतो. एका तावातून १६ पाने, म्हणजे ३२ पृष्ठे मिळतात. हे डेमी पुस्तक तुम्ही मधोमध आडवे कापलेत, तर साडेपाच इंच रुंद आणि सव्वाचार इंचांपेक्षा किंचित कमी उंच अशा दोन वह्या हाती येतील. तुमच्या अमेरिकी पुस्तकापेक्षा त्या जेमतेम पाव इंचाने उंच असतील आणि कागदाचा एक तुकडाही वाया जाणार नाही. पावणेचार इंचांचाच हट्ट धरलात तर प्रत्येक तावातून एक पट्टी रद्दीत जाईल, म्हणून तो हट्ट धरू नये असे माझे सांगणे आहे.

हिशेब असा बसतो. वही ६४ पृष्ठांची ठेवू. दोन तावांतून डेमी आकाराची ६४ पृष्ठे निघतात आणि ती आडवी कापली की ६४ पृष्ठांच्या दोन वह्या होतात, म्हणजे एका वहीला बरोबर एक ताव लागतो. दोनशे वह्यांना दोनशे ताव, आणि छपाई, घडी व कटिंगमधील खराबा धरून आणखी वीस-पंचवीस. ५०० तावांचे एक रीम घेतलेत तरी निम्म्याहून अधिक कागद पुढच्या वर्षासाठी उरेल. ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा, कागद घेतल्यास एका वहीच्या आतील पानांचे वजन साधारण ३७ ग्रॅम भरेल, जे खिशाला जाणवणारही नाही.

आता जेथे चूक होण्याचा संभव आहे तेथे थोडे थांबतो. नेहमीच्या सेंटर पिनच्या पुस्तकाला कण्यावर दोन पिना मारतात. असे पुस्तक मधून कापले तर प्रत्येक अर्ध्याच्या वाट्याला एकच पिन येईल आणि वही त्या पिनेभोवती गोल फिरू लागेल. म्हणून कण्यावर चार पिना मारायला सांगा, दोन वरच्या अर्ध्यासाठी आणि दोन खालच्या अर्ध्यासाठी. त्यांची जागा आधी पट्टीने आखून द्या. कोणतीही पिन कापाच्या रेषेपासून निदान पाऊण इंच दूर असली पाहिजे. कटिंग मशीनच्या पात्याखाली पिन आली तर पात्याला खाच पडते आणि त्यानंतरच्या प्रत्येक कापावर त्या खाचेची रेघ उमटत राहते. मी शिकाऊ असताना हे एकदा माझ्या हातून घडले आहे आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंतचे सगळे काम परत करावे लागले होते.

दुसरी गोष्ट कागदाच्या ग्रेनची. कागदातील तंतू एका दिशेने बसलेले असतात आणि घडी त्या दिशेला समांतर पडली तरच वही नीट उघडते व उघडलेली राहते. डेमी पुस्तकाचा कणा तावाच्या ३६ इंची बाजूला समांतर येतो, म्हणून तंतूही त्याच लांब बाजूने जाणारे हवेत. ओळखण्याची रीत सोपी आहे. तावाच्या कोपऱ्यातून चौकोनी तुकडा कापा आणि त्याची एक बाजू पाण्याने ओली करा. तो ज्या अक्षाभोवती नळीसारखा वळेल ती तंतूंची दिशा. दुकानदार काय सांगतो यावर न राहता ही परीक्षा स्वतः करा. बाजारातील वह्या पूर्ण उघडत नाहीत अशी तुमची जी तक्रार आहे, तिचे कारण पुष्कळदा जाड कण्याइतकेच उलट्या ग्रेनमध्ये असते.

पिनांच्या गंजाबद्दल तुम्ही लिहिले आहे. साधारण वापरात असलेल्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो, पण तार जेथे तुटते त्या टोकांवर तो नसतो आणि पावसाळ्यात गंज तेथूनच चढतो. गंजरोधक पोलादाची तार मिळते, ती वापरायला सांगा. दोनशे वह्यांना तारेच्या खर्चात पडणारा फरक नगण्य आहे. दोऱ्याची शिवण याहूनही चांगली, मात्र आडवे कापण्याच्या रीतीशी तिचे जुळत नाही. कणाभर सलग शिवण घातली आणि मग मधून कापले तर दोरा दोन्हीकडून उसवतो. दोराच हवा असेल तर आधी कापून घ्यावे आणि नंतर प्रत्येक वही तीन भोकांतून मेण लावलेल्या सुती दोऱ्याने स्वतंत्र शिवून गाठ आत घ्यावी. विद्यार्थी हाताशी असतील तर एका दुपारी वीस जण दोनशे वह्या सहज शिवतील.

पृष्ठांक छापणार असाल तर छापखान्याला आधी सांगा, कारण मग पानांची मांडणी फर्म्याप्रमाणे, म्हणजे ताव दुमडल्यावर पाने ज्या क्रमाने येतात त्याप्रमाणे, लावावी लागेल आणि वरच्या व खालच्या अर्ध्यावर तेच अंक यावे लागतील. नुसत्या रेघा असतील तर सर्व पाने सारखीच, त्यामुळे कोणतीही मांडणी चालेल.

टेम्सकाठ यांचा प्रतिसाद

मी लंडनजवळ राहतो आणि युद्धकाळातील ब्रिटिश खिसापुस्तके जमवतो, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. आडवा आकार वाचायला उत्तम असला तरी उभ्याने लिहायला उभी वही अधिक सोयीची नाही का, याचा धागाकर्तीने विचार करावा.

पेंग्विनची पुस्तके १९३५ मध्ये सहा पेन्सला निघू लागली तेव्हाच त्यांचा आकार १८१ × १११ मिलिमीटर असा ठरला होता. युद्ध सुरू झाल्यावर तो ब्रिटिश सैनिकाच्या पँटच्या मांडीवरील खिशात अगदी नेमका बसतो असे आढळून आले. येथे कागदाची टंचाई अमेरिकेपेक्षा कितीतरी तीव्र होती. १९४० पासून प्रकाशकांना युद्धापूर्वीच्या वापराच्या ठरावीक टक्केवारीइतकाच कागद मिळू लागला आणि पुढे ही मर्यादा साडेसदतीस टक्क्यांपर्यंत खाली आली. १९४२ मध्ये प्रकाशकांनी सरकारशी करार करून टाइपाचा आकार, समास आणि पानावरील शब्दांची संख्या यांवर बंधने स्वीकारली. तशा पुस्तकांवर पुस्तकावर बसलेल्या सिंहाचे छोटे चिन्ह छापलेले असे. माझ्याकडील १९४३ ची पेंग्विन पुस्तके १९३६ च्या पुस्तकांशेजारी ठेवली की समास किती आक्रसले आणि कागद किती करडा झाला ते एका दृष्टिक्षेपात दिसते. तरीही मुखपृष्ठावरील तीन आडवे पट्टे आणि रंगांची भाषा तीच राहिली. नारिंगी म्हणजे कादंबरी, हिरवा म्हणजे रहस्यकथा, गडद निळा म्हणजे चरित्र. कागद घटला तरी रंगांचे वचन त्यांनी मोडले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपण वनस्पतिशास्त्राच्या वह्या करत आहात, तर अशा रंगव्यवस्थेचा विचार अवश्य करावा. सदाहरित वन, कातळसडे, गवताळ माळ यांना मुखपृष्ठाचे वेगवेगळे रंग दिले तर वर्षाअखेरीस कपाटातून हवी ती वही शोधणे सोपे जाईल. मात्र पेंग्विनचे चिन्ह, किंवा अमेरिकी पुस्तकांवरील मालिकेचे नाव, विनोदाखातरही वापरू नये. पेंग्विनचे चिन्ह आजही व्यापारी मालकीचे आहे, आणि त्या मालिकेचे नाव ज्यांच्यासाठी होते त्या माणसांचा मान आपण राखला पाहिजे.

त्या काळच्या पेंग्विन पुस्तकांत वाचकाला एक विनंती छापलेली असे, की वाचून झाल्यावर हे पुस्तक टपाल कार्यालयात द्यावे, म्हणजे सैन्यातील स्त्री-पुरुषांनाही ते वाचता येईल. वहीच्या शेवटच्या पानावर, ती हरवून कोणाला सापडल्यास कोठे पोहोचवावी यासाठी एक चौकट ठेवलीत तर त्या विनंतीची आठवण राहील.

निळी_शाई यांचा प्रतिसाद

कागद आणि रेघा यांविषयी थोडे लिहिते, कारण या दोन गोष्टींकडे लोक सर्वांत शेवटी पाहतात आणि मग वही बाजूला पडते.

जुन्या पुस्तकासारखा पिवळसर, खरखरीत कागद मिळावा म्हणून कृपया न्यूजप्रिंट घेऊ नका. त्या कागदात लाकडातील लिग्निन तसेच राहिलेले असते, त्यामुळे तो उजेडात पिवळा पडतो आणि काही वर्षांत घडीवर तुटू लागतो. युद्धकाळात तो नाइलाजाने वापरला गेला. तुमच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी वीस वर्षांनी कोणीतरी पाहाव्यात असे तुम्हाला वाटत असणारच. रंग हवा असेल तर मॅपलिथो, म्हणजे पुस्तके-वह्यांसाठी वापरला जाणारा छपाईचा कागद, नॅचरल शेडमध्ये (किंचित पिवळसर छटेत) मिळतो, तो डोळ्यांना सौम्य वाटतो आणि टिकतोही. घेण्यापूर्वी दोन-तीन प्रकारच्या कागदांचे तुकडे आणून त्यांवर तुम्ही प्रत्यक्ष वापरता त्या पेन्सिलीने आणि पेनाने लिहून पाहा, आणि मग ते तुकडे एक रात्र स्वयंपाकघरात मोरीजवळ ठेवा. सकाळी पुन्हा लिहिताना शाई फुटते का, पेन्सिल रुतते का, हे कळेल. दमट हवेची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. ७० जीएसएमपेक्षा ८० जीएसएमचा कागद पावसाळी सहलीला अधिक बरा असे माझा अनुभव सांगतो.

दोन स्तंभांची नक्कल मात्र करू नये असे माझे ठाम मत आहे. छापलेला बारीक टाइप आणि हाताचे अक्षर यांत फार अंतर आहे. साडेपाच इंचांच्या पानातून कण्याकडचा आणि बाहेरचा समास वजा केला तर एका स्तंभाला सहा सेंटिमीटरही उरत नाहीत आणि तेवढ्यात देवनागरी हस्ताक्षराचे चार-पाचच शब्द बसतात. त्यात एखाद्या वनस्पतीचे लॅटिन नाव आले की ते हमखास तुटणार. त्याऐवजी पानाच्या डाव्या तृतीयांशावर एक फिकट उभी रेघ द्यावी. तिच्या डावीकडे ठिकाण, उंची, तारीख आणि उजवीकडे वर्णन किंवा रेखाटन. पान आडवे असल्याने अशी वाटणी करूनही लिहायला पुरेशी लांब ओळ मिळते. उभ्या वहीत हे जमत नाही, म्हणून टेम्सकाठ यांच्या सूचनेचा आदर राखूनही मी आडव्या आकाराच्याच बाजूने आहे. फांदीचे किंवा पानाच्या शिरांचे रेखाटन करायलाही आडवे पान मोकळे वाटते, आणि सेंटर पिनची वही पूर्ण मागे दुमडता येत असल्यामुळे ती तळहातावर एका पानाएवढीच जागा घेते.

रेघांतील अंतर सात मिलिमीटर ठेवा. इंग्रजीसाठी आखलेल्या सहा मिलिमीटरच्या वह्यांत आपल्या वेलांट्या आणि वरच्या ओळीतील उकार एकमेकांत अडकतात. सव्वाचार इंचांच्या उंचीत वर आणि खाली थोडी जागा सोडून अशा तेरा ओळी बसतील. रेघांचा रंग फिकट राखाडी असावा, म्हणजे पेन्सिलीची नोंद त्यावर उठून दिसेल.

रानवाटा यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मी नुसता आकार विचारला होता आणि मला त्याच्या जन्माची संपूर्ण हकीकत मिळाली. कालच एक जुनी डेमी आकाराची सेंटर पिनची वही घेऊन, तिच्यात आणखी दोन पिना मारून, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात ती आडवी कापून घेतली. दोन वह्या हातात आल्या तेव्हा त्या अमेरिकी पुस्तकाशेजारी त्या ठेवून बराच वेळ पाहत बसले. आज सकाळी त्यांतील एक खिशात घालून पर्वतीवर गेले आणि उभ्या उभ्या तीन झाडांच्या नोंदी केल्या. आडवी वही तळहातावर मनगटापर्यंत नीट टेकते, त्यामुळे लिहिताना ती डुगडुगत नाही. उभ्या वहीचा खालचा भाग हाताबाहेर लोंबतो हे तुलना केल्यावरच लक्षात आले. टेम्सकाठ यांनी शंका काढली नसती तर मी ही तुलना केलीच नसती.

आता असे ठरवले आहे. आकार डेमीचा अर्धा, ६४ पृष्ठे, ८० जीएसएमचा नॅचरल शेडचा मॅपलिथो, सात मिलिमीटरच्या राखाडी रेघा आणि डाव्या तृतीयांशावर उभी रेघ. मुखपृष्ठे तीन रंगांत: सदाहरित वनासाठी गडद हिरवा, सड्यांसाठी जांभ्याचा तांबूस, माळांसाठी गवती पिवळा. जुन्या पुस्तकावर जेथे मूळ वेष्टणाचे छोटे चित्र असते, नेमक्या त्याच जागी मी एक रिकामी चौकट ठेवणार आहे. विद्यार्थ्याने त्या हंगामात सर्वांत काळजीपूर्वक पाहिलेल्या वनस्पतीचे छोटे रेखाटन स्वतः त्या चौकटीत करायचे. जुनी_पाने यांनी त्या चित्राचा सांगितलेला अर्थ वाचून हे सुचले. त्या सैनिकाला ते चित्र मोठ्या पुस्तकाची खात्री देत होते, तसे हे रेखाटन वहीबाहेरच्या झाडाची देईल.

तार की दोरा, हे मात्र अजून ठरत नाही. मुलांनी स्वतःची वही स्वतः शिवावी असे फार वाटते, परंतु भोके सरळ रेषेत पडतील की नाही याची धास्ती आहे. फर्मा, यावर काही उपाय आहे का?

फर्मा यांचा प्रतिसाद

आहे. मुखपृष्ठाच्याच जाड कागदाची वहीच्या उंचीएवढी एक पट्टी कापा, तिला मधोमध घडी घाला आणि घडीवर तीन खुणा करा: एक बरोबर मध्यावर आणि दोन तिच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंचावर. ही पट्टी वहीच्या मधल्या घडीत बसवून खुणांवर टोच्याने भोके पाडायची. वही अर्धवट उघडी धरून टोच्या दोन पानांच्या कोनाच्या मधोमध रोखायचा, म्हणजे भोक बाहेर कण्यावरच निघते. वीस मुलांना वीस पट्ट्या करून द्या.

शिवताना सुरुवात मधल्या भोकातून आतून बाहेर करावी, मग वरच्या भोकातून आत, मधले भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोके मध्ये आडव्या गेलेल्या दोऱ्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारायची. दोरा वहीच्या उंचीच्या साधारण तिप्पट घ्या. आणि एक गोष्ट विसरू नका: शिवण झाल्यावर पुढची कड पुन्हा एकदा मशीनवर कापून घ्या. ८० जीएसएमच्या सोळा जोडपानांत आतली पाने सुमारे दीड मिलिमीटर बाहेर सरकतात. हा कापही आताच छापखान्याशी बोलून ठेवा.

८० जीएसएम घेतलात तर वहीचे वजन पाच-सहा ग्रॅमने वाढेल. ते चालेल.